शाचौ प्रांताचा जुना भूवृत्तांत : एक परीक्षण

प्रस्तुत लेखांत ज्या ग्रंथाचें परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे, तो एक तुटका कागदी पट आहे. त्याचा आरंभ गेलेला आहे, शेवट शाबूत आहे, आणि शेवटच्या ओळींत ग्रंथाचें नांव व ‘भाग तिसरा’ असा निर्देश आहे. चिनी नांव ‘शाचौ तूतूफू तूचिंग’. आपल्या कारभारी भाषेंत सांगावयाचें तर ‘शाचौ येथील लष्करी सुभ्याचा नकाशासहित वृत्तांत’. नकाशा मात्र उपलब्ध पटावर नाहीं. शाचौ म्हणजे ‘वाळूचा प्रांत’. त्याचें ठाणें तें तुनहुआंग. चीनच्या वायव्येस कान्सूमध्यें, वाळवंट आणि बर्फाचे डोंगर यांच्या सांध्यावर, एका नदीच्या पाण्यावर जगणारा हा शेतकरी तालुका आहे. इ. स. १९८७ पासून सरकारी दप्तरांत त्यास ‘नगर’ म्हणतात, तरी त्याच्या सीमेंत बहुतेक वाळवंटच आहे, व जें हिरवें आहे तें शेत आहे.

गांवाच्या आग्नेयेस सुमारें २५ किलोमीटरांवर बौद्ध लेणीं आहेत. तेथील एका बुजविलेल्या कोठडींत इ. स. १९०० मध्यें वांग युआन-लू नांवाच्या ताओपंथी साधूस हजारों हस्तलिखितें सांपडलीं. इ. स. १९०७ मध्यें स्टाइन यांनीं व १९०८ मध्यें पेलियो यांनीं त्यांतील मोठा भाग युरोपांत नेला. आमचा पट पेलियो यांच्या वांट्याचा असून तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. लो चेन-यू यांनीं तो १९०९ मध्यें प्रथम छापून प्रसिद्ध केला.

आमच्या वाचकांस ह्या ठिकाणाचें वावडें असण्याचें कारण नाहीं. सद्धर्मपुंडरीकाचें चिनी भाषांतर इ. स. २८६ मध्यें करणारा धर्मरक्ष हा तुनहुआंगचाच रहिवासी. महाराष्ट्रांत येऊन पुलकेशीच्या राज्याचें वर्णन लिहून ठेवणारा ह्युएन त्संग परतीच्या वाटेवर खोतानहून इ. स. ६४५ च्या सुमारास शाचौस पोंचला व तेथूनच त्यानें बादशहास आगमनाची अर्जी धाडली. म्हणजे आपल्या देशासंबंधीं जो साक्षीदार आपण वारंवार पुढें करतों, तो चीनच्या हद्दींत ज्या दारानें शिरला त्या दाराचा हा वृत्तांत होय.

आतां ग्रंथाच्या स्वरूपाकडे वळूं. तांग राजवटींत प्रत्येक प्रांतानें आपला नकाशा व वृत्तांत दर तीन वर्षांनीं राजधानीस पाठवावा असा दंडक होता, इ. स. ७८० मध्यें ही मुदत पांच वर्षें करण्यांत आली. म्हणजे हा ग्रंथ कोणा पंडितानें हौसेनें रचलेला नसून कचेरींत तयार झालेला आहे. नद्या, पाट, बंधारे, मिठाचीं तळीं, टपालाचे टप्पे, शाळा, देवस्थानें, पडकीं गांवें, शकुन, लोकगीतें, असा त्यांतील उपलब्ध भागाचा क्रम आहे. ह्यावरून कांहीं अभ्यासक त्यास नुसती सरकारी तेरीज म्हणून बाजूस सारतात आणि प्रांताच्या इतिहासासाठीं राजवंशांच्या बखरींकडे वळतात. आमचें मत नेमकें उलट आहे, व त्याचीं कारणें पुढें देत आहों.

राजवंशांच्या बखरींवरून ह्या मुलुखाचा इतिहास लिहिला तर काय हातीं लागतें तें पाहा. हान सम्राट् वू ह्यानें येथें सुभा स्थापिला. वांग मांगनें त्याचें नांव बदललें. इ. स. ४०० मध्यें पश्चिम लिआंगचें राज्य येथेंच स्थापन झालें; पांच वर्षांत राजधानी दुसरीकडे गेली. उत्तर चौ राजवटींत तालुक्यास ‘मिंगशा’ म्हणजे ‘गाणारी वाळू’ असें नांव पडलें. स्वै राजवटींत जुनें परत आलें. इ. स. ६१९ मध्यें क्वाचौ, ६२२ मध्यें पश्चिम शाचौ, ६३३ मध्यें नुसतें शाचौ, ७४२ मध्यें पुन्हां तुनहुआंग, ७५८ मध्यें पुन्हां शाचौ, ७६६ मध्यें लष्करी सुभा. त्यानंतर सुमारें वीस वर्षांनीं तिबेटी सत्ता. ८४८ मध्यें चांग यी-छाव ह्याचा उठाव. ८५१ मध्यें तांग दरबाराची मान्यता. १०३६ च्या सुमारास तांगुत, १२२७ मध्यें मोंगल, १४०५ मध्यें मिंग राजवटीची छावणी, आणि सोळाव्या शतकांत सगळाच मुलूख सोडून दिलेला. ही यादी खोटी नाहीं. पण ती वाचून झाल्यावर ह्या गांवांत माणूस कशावर जगत होता, हें कळत नाहीं. शिक्का बदलला एवढेंच कळतें.

शिवाय ह्या बखरी स्वतःशींच भांडतात. सुभा केव्हां स्थापन झाला? हान वंशाच्या इतिहासांतील सम्राटवृत्तांत इ. स. पू. १११ चा काळ देतो. त्याच ग्रंथाचा भूगोलखंड इ. स. पू. ८८ म्हणतो. त्याच भूगोलखंडांत सहा तालुके, ११,२०० घरें व ३८,३३५ माणसें असा आंकडा आहे. तांग काळच्या इतिहासांत दोन तालुके, ४,२६५ घरें व १६,२५० माणसें. हे दोन आंकडे शेजारीं मांडून ‘लोकवस्ती निम्म्याहून कमी झाली’ असें म्हणण्याचा मोह होतो. पण पूर्वेकडील तालुके मध्यंतरीं शेजारच्या क्वाचौ प्रांतांत गेले होते. सीमा न पाहतां शिरगणती तोलणें म्हणजे दोन निरनिराळ्या मापांनीं धान्य मोजणें होय.

नांवाच्या व्युत्पत्तीचीही तीच गत. हान काळच्या टीकाकारानें ‘तुन’ म्हणजे थोर व ‘हुआंग’ म्हणजे भरभराट असा अर्थ लाविला, व तो आजही पुस्तकोपुस्तकीं उतरला जातो. ही यास्काच्या निरुक्ताच्या धर्तीची व्युत्पत्ति आहे. अक्षर दिसलें कीं धातु काढावयाचा. तुनहुआंगच्या पश्चिमेस पहाऱ्याच्या बुरुजांत स्टाइन यांस सोग्दी व्यापाऱ्यांचीं जीं चौथ्या शतकाच्या आरंभींचीं पत्रें मिळालीं, त्यांत ह्या गांवाचें नांव ‘द्रुवान’ अशासारखें येतें. मूळ नांव चिनी नसून तें चिनी अक्षरांत बसविलें गेलें असावें, असें मानणें आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतें.

असो. आतां पटाकडे. त्यांतील खरें मोलाचें प्रकरण पाण्याचें. दक्षिणेच्या डोंगरांतून निघणारी नदी, जिला आज तांग नदी म्हणतात (राजवंशाच्या नांवाशीं तिचा संबंध नाहीं), तिचें येथें नांव ‘कानछ्वान’, म्हणजे गोडें पाणी. गांवाच्या नैर्ऋत्येस पंचवीस ली अंतरावर तिला बंधारा घालून पाणी पाटांत वळविलें आहे. (ली म्हणजे सुमारें अर्धा किलोमीटर.) पाट सात सांगितले आहेत, सर्वांत लांब पंचेचाळीस लींचा, सर्वांत आंखूड पांच लींचा. आणि प्रत्येकाचें नुसतें माप देऊन कारकून थांबत नाहीं. एक पाट मंग मिन नांवाच्या सुभेदारानें खोदविला म्हणून लोक त्यास मंगचें नांव देतात. दुसरा यिन तान ह्याचा. सर्वांत लांब पाटाचें तोंड फुटे, तेव्हां यांग श्वेन नांवाच्या सुभेदारानें आपल्या घरचें दहा हजार मापें धान्य देऊन दगड विकत घेतला व चाळीस पावलें लांबीचें दगडी मोरीद्वार बांधविलें. हे सुभेदार चौथ्या-पांचव्या शतकांतले. वृत्तांत लिहिणारा सातव्या-आठव्या शतकांतला. मधल्या काळांत पांच राजवटी बदलल्या. ज्या बखरींत ह्या सुभेदारांस एखादी ओळ मिळाली तर मिळाली, त्यांनीं न सांगितलेली गोष्ट पाटाच्या नांवानें टिकून राहिली.

बंधाऱ्याच्या नोंदींत तर एक वाक्य असें आहे कीं त्यावरून लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा पारखून घ्यावा. ज्या टेकडीवरून बंधाऱ्यास नांव पडलें, ती टेकडी पन्नास पावलांच्या घेराची होती, आणि पश्चिम लिआंगनंतर नदीच्या लोंढ्यानें ती नाहींशी झाली, असें तो स्पष्ट लिहितो. नांव आहे, वस्तु नाहीं, हें कबूल करणारा भूगोलकार विरळा. मात्र त्याच नोंदींत बंधारा इ. स. पू. १११ मध्यें बांधला असें जें म्हटलें आहे, त्यावर आम्ही विसंबणार नाहीं. सम्राटवृत्तांतांतील सुभा-स्थापनेचें वर्ष उचलून तें बंधाऱ्यास चिकटविलेलें दिसतें. म्हणून वर सांगितलेल्या १११ कीं ८८ ह्या वादांत ही नोंद तिसरा साक्षीदार म्हणून उभी करतां येणार नाहीं. ती पहिल्याचाच प्रतिध्वनि आहे.

ह्या प्रकरणाची पडताळणी स्वतंत्रपणें करतां येते, हें आपलें भाग्य. त्याच कोठडींतल्या दुसऱ्या एका कागदावर तुनहुआंग तालुक्याच्या पाणपाळीचे नियम आहेत: कोणत्या पाटाचें दार आधीं उघडावें, कोणाची पाळी केव्हां लागते. आमच्या पटांतील अनेक पाट तेथें त्याच नांवानें येतात. तो कागद राजधानीस पाठविण्यासाठीं लिहिलेला नव्हता. तो पाटकऱ्यांच्या कामाचा होता. दोन भिन्न हेतूंनीं झालेलें लेखन एकमेकांस दुजोरा देतें, तेथें संशोधकानें पाय रोवावा.

टपालाच्या टप्प्यांविषयींही तसेंच. एकूण एकोणीस टप्पे दिले आहेत, व कोणता टप्पा कोणत्या वर्षीं हालविला, जुनी वाट सोडून नवी कां धरिली, हेंही आहे. त्यांतील ‘श्वेनछ्वान’, म्हणजे ‘टांगलेला झरा’, हा टप्पा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. झरा गांवाच्या पूर्वेस १३० ली, खडकाच्या पोटांतून निघतो, माणसें व घोडीं फार आलीं कीं पाणी वाढतें, थोडीं आलीं कीं कमी होतें, असें वृत्तांत सांगतो. आणि हान सेनापति ली क्वांग-ली ह्यानें तहानलेल्या सैन्यासाठीं तलवार डोंगरांत खुपसून तें काढलें, अशी जुन्या ग्रंथांतली कथाही देतो. इतकें वाचून कोणीही हा सगळा मजकूर दंतकथेच्या खात्यांत टाकला असता. पण इ. स. १९९० ते १९९२ ह्या काळांत ह्याच झऱ्याजवळ हानकालीन टपाल-ठाणें उकरून निघालें. पस्तीस हजारांहून अधिक लांकडी पट्ट्या मिळाल्या. त्यांपैकीं सुमारें तेवीस हजारांवर लेख आहेत. ठाण्याचें नांव त्यांवर तेंच आहे, व तें ‘शियावकू’ तालुक्यांत असल्याचें नमूद आहे. हा शियावकू तालुका कोठें होता, त्याचें ओसाड गांव ठाण्याच्या ईशान्येस तीस लींवर आहे, हेंही आमच्या पटांत आहे. उत्खननाची जागा आजच्या गांवापासून साठांहून थोडे अधिक किलोमीटर आहे; १३० लींचा हिशेब त्याशीं जुळतो. तलवारीची कथा खरी मानण्याचें कारण नाहीं. तिच्या शेजारींच दिलेलें अंतर मात्र खरें आहे. एकाच नोंदींत कथा व मोजमाप शेजारीं बसलेलीं असतात, आणि कथेच्या रागानें मोजमाप फेंकून देणें हा आमच्याकडील स्थलवर्णनांच्या बाबतींतही नेहमीं होणारा अपराध आहे.

ग्रंथाचा दुबळा भाग म्हणजे शकुनांचा. वीस शुभचिन्हें दिलीं आहेत. त्यांतील चार एकट्या इ. स. ६९१ चीं: पंचरंगी पक्षी, सूर्याभोंवतीं रंगीत ढग, लोपनोर सरोवराचें पाणी पंचरंगी होणें, आणि पांढरा लांडगा. चारही सुभेदार ली वू-ख्वै ह्यानें दरबारास कळविलीं. ६९० मध्यें साम्राज्ञी वू हिनें तांगांचें सिंहासन घेऊन स्वतःचा वंश जाहीर केला होता, हें ध्यानीं घेतलें म्हणजे एका वर्षांत सृष्टीस इतका हर्ष कां झाला तें उमगतें. पुढें दिलेलीं स्तुतिगीतें ‘लोकांकडून’ त्याच ६९० सालीं दरबारी निरीक्षकानें गोळा केलीं म्हणे. त्यांची बांधणी पाहतां तीं नांगरामागें म्हटलीं गेलीं असतील असें आम्हांस वाटत नाहीं.

तरी सुभेदारास केवळ भाट समजणें अन्यायाचें होईल. त्याची कबर व शिलालेख इ. स. २००२ मध्यें शेन्सींत यांगलिंग येथें मिळाला; त्यावरून तिबेटी फौजेशीं झालेल्या लढाईनंतर ६९४ मध्यें तो अधिकारावर असतांनाच वारला, असें कळतें. एका हातानें पांढऱ्या लांडग्याची वर्दी लिहिणारा दुसऱ्या हातानें सरहद्द राखीत होता. दरबाराची मर्जी राखल्यावांचून सरहद्दीस फौज व धान्य मिळत नसे, हें कारण असावें असा आमचा तर्क आहे.

धान्याविषयींचा पुरावा शकुनांच्या प्रकरणांतच आहे. ६८८ सालीं एका खोऱ्यांत ‘रानधान्य’ आपोआप उगवलें, हें शुभचिन्ह म्हणून नोंदविलें आहे. पण कारकुनास राहवत नाहीं. तो त्या झाडाची उंची सांगतो, बियांचा रंग सांगतो, त्या तेलकट असतात हें सांगतो, त्या भाजून पीठ करतात व तें चवीस गोड लागतें हें सांगतो, आणि शेवटीं कित्येक शें मापें गोळा करून फौजेच्या शिध्यास लाविलीं असें लिहून मोकळा होतो. वाळवंटांतील गवताचें बीं सैनिकांस खावयास घालावें लागलें, ह्याचा अर्थ त्या वर्षीं कोठारांत काय होतें? ‘शुभ’ ह्या मथळ्याखालीं टंचाईची नोंद लपली आहे. म्हणून हें प्रकरण टाकून देऊं नये. मथळा पुसून वाचावें.

ग्रंथाच्या काळासंबंधीं दोन शब्द. शेवटच्या ओळींतील ‘लष्करी सुभा’ हें नांव ७६६ पूर्वीं असूं शकत नाहीं. पण आंतील मजकूर मुख्यतः साम्राज्ञी वू हिच्या काळाच्या सुमाराचा दिसतो, आणि तिचा उल्लेख कोठें कोठें तिच्या पदवीमागें ‘तांग’ शब्द जोडून येतो. हा शब्द तिचा वंश संपून तांग परत आल्यावर कोणीतरी घातला असला पाहिजे. म्हणजे मूळ, दुरुस्ती व नवा मथळा असे निदान तीन थर आहेत. इकेदा ओन ह्या जपानी पंडितांनीं १९७५ मध्यें ह्या प्रश्नाची बारकाईनें चर्चा केली आहे. दर तीन वर्षांनीं नवा वृत्तांत पाठविण्याचा नियम होता, ह्याचा अर्थ दर तीन वर्षांनीं नवी पाहणी होत होती असा नव्हे. जुनाच कागद पुढें ओढून त्यावर ठिगळ लावीत असत. कचेरींत आयुष्य घालविलेल्या वाचकांस हें समजावून सांगावें लागणार नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. हा ग्रंथ नुसती तेरीज नसता तर त्याच्या नाशानें कोणाचें कांहीं बिघडलें असतें काय? बिघडलें, आणि कसें तें दाखवितां येतें. सोळाव्या शतकांत मुलूख ओस पडला. छिंग राजवटीनें १७२३ मध्यें पुन्हां ठाणें घातलें, १७२५ मध्यें नदीच्या पूर्वेस नवा तट बांधला, आणि कान्सूच्या छप्पन्न तालुक्यांतून २,४०५ कुटुंबें आणून वसविलीं. कुटुंबांस मूळ तालुक्यांप्रमाणें वस्त्या दिल्या. सूचौ वगैरे गांवांचीं नांवें त्यामुळें तुनहुआंगच्या शिवारांत आजही आहेत. १७६० मध्यें रीतसर तालुका झाला. पण ह्या नव्या रहिवाशांपैकीं कोणासही जुन्या जागा ठाऊक नव्हत्या. मामलेदार सू ल्यू-ची ह्याच्या पुढाकारानें १८३१ मध्यें तालुक्याचा वृत्तांत छापून निघाला. तो परिश्रमपूर्वक केलेला आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु ज्या वोवा तळ्याकांठीं इ. स. पू. ११३ मध्यें हान सम्राटासाठीं ‘दिव्य अश्व’ पकडल्याची प्रसिद्ध कथा आहे, तें तळें म्हणजे गांवाच्या दक्षिणेस वाळूच्या डोंगरांत असलेला चंद्रकोरीच्या आकाराचा झरा, असें सू ल्यू-चीनें मानलें, आणि आपल्या कवितेंतही त्या झऱ्यास तें नांव दिलें. सुंदर जागा व प्रसिद्ध कथा यांचें लग्न लावून देण्याचा हा मोह सर्व देशांतील स्थलपुराणकारांस होतो.

खरें तळें नैर्ऋत्येस, शौछांग ह्या जुन्या तालुक्याच्या गांवापासून दहा लींवर, चौफेर एक ली, खोली अथांग, असें त्याच कोठडींतल्या शौछांगविषयक वृत्तांतांत लिहिलेलें आहे, आणि इ. स. ९४५ मध्यें प्रांतिक शाळेच्या एका अध्यापकानें केलेल्या त्या तालुक्याच्या वर्णनांतही आहे. हीं हस्तलिखितें मामलेदाराच्या कचेरीपासून अर्ध्या दिवसाच्या रपेटीवर, भिंतीआड पडून होतीं. त्यानें आपल्या बुद्धीनें चूक केली, हें खरें. पण हातीं कागद असता तर ती झाली नसती. बखरींतील तळ्याचें नांव त्यास माहीत होतें. तें कोठें आहे हें बखर सांगत नव्हती. तें सांगणारी ‘तेरीज’ होती.

ह्या वृत्तांतांच्या एका प्रतीची हकीकत सांगून आम्ही थांबतों, कारण ती संग्राहकांच्या कामाची आहे. तिबेटी अंमलांत तांग दरबाराशीं कागदपत्रांचें दळणवळण तुटलें. चांग यी-छाव ह्यानें प्रांत सोडविल्यावर ८५१ मध्यें अकरा प्रांतांचे नकाशे व नोंदवह्या दरबारास पाठविल्या. भूमि परत केल्याची ती खूण होती. तरीही गांवांत सर्व कागद उरले नसावेत. स्टाइन यांच्या संग्रहांत, आतां लंडनमध्यें, शाचौ व शेजारचा यीचौ ह्यांचा एक वृत्तांत आहे; जाइल्स यांनीं १९३२ मध्यें त्याचें भाषांतर केलें. त्याच्या शेवटीं प्रत करणाऱ्याची टीप आहे. सन ८८५ च्या बाराव्या महिन्याच्या २५ व्या दिवशीं चांग ता-छिंग ह्यानें ती पुरी केली, आणि मूळ प्रत त्यास मिळाली ती लिंगचौहून आलेल्या दरबारी वकिलाच्या मंडळीकडून. आपल्याच मुलुखाचें वर्णन तुनहुआंगच्या माणसास पाहुण्याच्या दप्तरांतून उतरून घ्यावें लागलें, आणि वकील परत जाण्यापूर्वीं त्यानें तें उतरून घेतलें.